उसळीची किंमत

पुढे, खाली, मग पुढच्या बाजूला तिरकं खाली, आणि ठोसा. जॉयस्टिकवर मनगटानं काढलेला हा इंग्रजी झेडसारखा वळसा जमला, की पडद्यावरचा पांढऱ्या कराटे पोशाखातला ऱ्यू गुडघे वाकवतो, एक मूठ आभाळाकडे उगारतो आणि अख्ख्या अंगानिशी वर उसळतो. कुणी उडी मारून अंगावर येत असेल तर त्याच्या हनुवटीवर मूठ बसते आणि तो पाठीवर आपटतो. सोबत आरोळी: 'शोऱ्युकेन!' १९८७ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 'स्ट्रीट फायटर' हे नाणं टाकून खेळायचं मशीन आणलं, तेव्हापासून २०२३च्या 'स्ट्रीट फायटर ६'पर्यंत हा ठोसा असाच दिसत आला आहे. हातानं काढलेली चित्रं जाऊन त्रिमिती आकृत्या आल्या, ऱ्यूला दाढी फुटली, अंगावर भिक्षूसारखं वस्त्र आलं. वळसा मात्र तोच राहिला आणि उसळीही तीच.

बदलत राहिली ती या ठोशाची किंमत. तो मारण्यासाठी खेळाडूनं काय मोजायचं आणि हुकला तर काय भरायचं, याचा हिशेब कॅपकॉमनं जवळपास प्रत्येक भागात नव्यानं मांडला. मालिकेचा इतिहास पात्रांच्या यादीतून सांगता येईल, विक्रीच्या आकड्यांतूनही सांगता येईल. पण खेळ आतून कसा बदलत गेला हे पाहायचं असेल तर हा एक ठोसा पुरतो.

पहिल्या 'स्ट्रीट फायटर'चे कर्ते ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो. त्या मशीनच्या एका आवृत्तीला बटणांऐवजी हवेच्या दाबावर चालणाऱ्या दोन जाड गाद्या होत्या. गादीवर जितक्या जोरानं गुद्दा मारावा, तितक्या जोराचा ठोसा पडद्यावर बसे. कल्पना झकास होती, पण खेळणाऱ्याचे हात भरून यायचे आणि मशीनही मार खाऊन खिळखिळं व्हायचं. मग सहा बटणांची आवृत्ती आली, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. पुढची सगळी मालिका त्याच मांडणीवर उभी राहिली. खेळायला पात्रं दोनच: पहिल्या खेळाडूला ऱ्यू, दुसऱ्याला केन. दोघे गुरुबंधू. केसांचा आणि कपड्यांचा रंग सोडला तर दोघांत कसलाही फरक नव्हता.

तिथे शोऱ्युकेन म्हणजे जवळजवळ गुपित होतं. मशीन हाताची हालचाल फार काटेकोरपणे तपासायचं. वळसा अगदी बरोबर काढला असं वाटावं आणि ऱ्यूनं हवेत एक साधा गुद्दा मारून गप्प उभं राहावं, हा नित्याचा अनुभव. पण ठोसा निघाला आणि समोरचा खेटून उभा असला, तर त्याची लाइफची पट्टी जवळपास सगळी साफ! किंमत सगळी हाताच्या कसबाची होती. ज्याला जमेल त्याच्यासाठी लढत तिथेच संपायची, आणि न जमणाऱ्याच्या दृष्टीनं हा ठोसा खेळात नसल्यातच जमा. न्याय म्हणून पाहिलं तर हा फारच उग्र न्याय झाला. दोन माणसांनी समोरासमोर बसून खेळावा असा खेळ त्यावर उभा राहत नाही. पण त्याच उग्रपणामुळे ठोशाला दंतकथेचं वजन आलं. शेवटचा शत्रू होता थायलंडचा मुष्टियोद्धा सागाट. पहिल्या भागात त्याची छाती कोरी आहे. दुसऱ्या भागात तो येतो तेव्हा छातीवर लांबलचक व्रण असतो. तो शोऱ्युकेनचा. आणि आता सागाटकडेही वर उसळणारा एक ठोसा असतो, 'टायगर अपरकट'. पहिल्या भागात त्याच्याकडे तो नव्हता. दोन भागांच्या मधल्या काळात न दाखवता घडलेली ही सूडकथा एका व्रणातून आणि एका नव्या डावातून कळते. १९९४च्या ॲनिमे चित्रपटाची सुरुवातच या प्रसंगानं केली गेली.

'स्ट्रीट फायटर २' आला १९९१ साली. आकिरा निशितानी आणि आकिरा यासुदा हे त्याचे मुख्य रचनाकार. त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. मशीनचे कान जरा सैल केले, म्हणजे वळसा थोडा ओबडधोबड निघाला तरी ठोसा निघू लागला; आणि ठोशाचं नुकसान आवाक्यात आणलं. गुपित फुटलं. आता शोऱ्युकेन कुणालाही सरावानं साधण्यासारखा होता. मग त्याची किंमत कुठे ठेवायची?

ती ठेवली उतरणीवर. खेळ सेकंदाला साठ चित्रांनी, म्हणजे साठ फ्रेमनी चालतो. शोऱ्युकेनच्या सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये ऱ्यूला काहीच लागत नाही. समोरचा ठोसा, लाथ, अग्निगोळा त्याच्या अंगातून आरपार गेल्यासारखा जातो. खाली पडलेला ऱ्यू उठता उठता नेमक्या क्षणी हा ठोसा काढू शकला, तर छाताडावर बसलेला प्रतिस्पर्धीच उलथतो. पण वर गेलेल्या माणसाला खाली यावं लागतं. हुकलेला किंवा अडवला गेलेला शोऱ्युकेन मारणारा हवेतून खाली येत असतो तेव्हा त्याला ना ब्लॉक करता येतो ना हलता येतं. समोरचा शांतपणे उभा राहतो, तो जमिनीला टेकायची वाट पाहतो आणि स्वतःच्या भात्यातला सगळ्यात जड मार देतो. यॉर्कर टाकायला जावं आणि चेंडू फुलटॉस पडावा, तशी ही गत. फलंदाज आधीच बॅट उचलून तयार.

याच भागात शोऱ्युकेनला खरा जोडीदार मिळाला. ऱ्यूचा 'हाडोकेन', म्हणजे दोन्ही तळव्यांतून सुटणारा निळा गोळा, पहिल्या भागातही होता. पण दोघांचं मेतकूट जमलं ते इथे. लांबून गोळे सोडत राहायचं. समोरचा कंटाळून गोळ्यावरून उडी मारतो. तो हवेत असतानाच खालून शोऱ्युकेन. पुन्हा लांब ढकललं, पुन्हा गोळा. वरवर दोन डावांचा हा साधा सापळा, पण 'स्ट्रीट फायटर'चं निम्मं व्याकरण त्यातून जन्मलं आहे. उडी मारणाऱ्याला गोळा कधी सुटणार याचा अंदाज बांधावा लागतो आणि गोळा सोडणाऱ्याला उडी कधी येणार याचा. इथे खरी झुंज अंदाजांचीच.

आणि गंमत अशी, की दोन्ही डावांचे वळसे एकमेकांत गुंतलेले आहेत. हाडोकेनला खाली, तिरकं, पुढे. शोऱ्युकेनला पुढे, खाली, तिरकं. आता खेळाडू पुढे चालत असेल आणि चालता चालताच हाडोकेन काढायला गेला, तर मशीनला आधीचा 'पुढे' धरून शोऱ्युकेन दिसतो. गोळा सुटायच्या ऐवजी ऱ्यू भलत्याच वेळी आकाशात, आणि खाली प्रतिस्पर्धी गालातल्या गालात हसतोय. हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा ऱ्यूचा खेळाडू शोधून सापडायचा नाही. चांगले खेळाडू मधे क्षणभर जॉयस्टिक मोकळी सोडायला शिकतात. कारागिरीचा हा बारकावा कुठल्याही रचनाकारानं ठरवून घातलेला नाही. दोन वळसे शेजारी राहिले म्हणून तो निपजला. कंबोंचंही तसंच. एका ठोशाला जोडून दुसरा बसतो हे निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं ते गाडी फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना. ती खरं तर चूक होती, पण ठेवून दिली. पुढे सगळ्या झुंजीच्या खेळांचा ती कणा झाली.

केनची कहाणी इथून वेगळी होते. १९९२च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये केनचा शोऱ्युकेन ऱ्यूपेक्षा लांबवर झेपावू लागला. १९९३च्या 'सुपर'मध्ये केनच्या जड ठोशाला आग लागली: मूठ पेटलेली आणि एकाऐवजी लागोपाठ घाव. त्याच वेळी ऱ्यूच्या वाट्याला आला पेटता हाडोकेन. म्हणजे वाटणी ठरली. गोळा ऱ्यूचा, उसळी केनची. हुबेहूब असलेल्या दोन गुरुबंधूंना स्वभाव आले ते संवादांतून किंवा कथेतून आले नाहीत, एका ठोशाच्या कमानीतून आले. संयमी आणि भडक या दोन शब्दांत पुढे ज्यांचं वर्णन होत राहिलं, त्या माणसांचा पाया असा घातला गेला.

या सुमारास मुंबई-पुण्यातल्या गल्ल्यांत व्हिडिओ गेम पार्लर फोफावत होती. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या कॅपकॉमच्याच खेळाला त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणणाऱ्या पोरांनी जपानी आरोळ्यांनाही कानाला येतील तशी रूपं दिली. वळसा कसा काढायचा हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या पोराच्या मनगटाकडे टक लावून ते शिकायचं. त्या काळात जगभर चोरट्या, फेरफार केलेल्या आवृत्त्याही फिरत होत्या. त्यांतली 'रेनबो एडिशन' सगळ्यांत बदनाम: हवेत असतानाच गोळे सोडा, लढतीच्या मधेच पात्र बदला. किंमत नावाची गोष्टच तिथे शिल्लक नव्हती. पाच मिनिटं धमाल आणि मग कंटाळा. तरी कॅपकॉमनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं नाही. १९९२च्या अखेरीस आलेल्या 'टर्बो'चा वाढलेला वेग आणि हवेत मारता येणारे डाव यांच्यामागे त्या चोरट्या मशीनची टोचणी होती. त्याच 'टर्बो'त आपल्याकडचा म्हणून ओळखला जाणारा धालसिम अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकटायला शिकला. हातपाय लांबवणारा, कवट्यांची माळ घालणारा आणि तोंडातून 'योगा फायर' ओकणारा हा योगी पाहून भारतीय मुलांना अभिमान वाटावा की हसू यावं, हे अजून ठरलेलं नाही.

मधल्या काळात शोऱ्युकेनचे जनक कॅपकॉममध्ये राहिलेच नव्हते. निशियामा आणि मात्सुमोतो दोघे प्रतिस्पर्धी एसएनके कंपनीत गेले. तिथे निशियामांनी १९९१ साली 'फेटल फ्युरी' केला. मात्सुमोतोंच्या हातून १९९२चा 'आर्ट ऑफ फायटिंग' आला. त्या दुसऱ्या खेळाचा नायक ऱ्यो साकाझाकी हा ऱ्यूचा चुलतभाऊ शोभावा असा: तसाच कराटे पोशाख, तसाच गोळा, तसाच उसळता ठोसा. कॅपकॉमनं उत्तर दिलं विनोदानं. १९९५च्या 'स्ट्रीट फायटर अल्फा'मध्ये डॅन नावाचं पात्र आलं, गुलाबी पोशाखातलं आणि ऱ्योच्या खेळातल्या लोकांसारखं दिसणारं. त्याचा गोळा हातातून निघतो आणि वीतभर जाऊन विझतो. उसळी आहे, पण रुबाब नाही. टोमणा फर्मास होता यात शंका नाही, फक्त तो लागत होता ज्यांनी मुळात गोळा आणि उसळी शोधून काढली त्यांनाच. घराण्याची चीज बाहेर नेली म्हणून मूळ गायकावरच नक्कल केल्याचा आळ यावा, असला हा प्रकार.

१९९७च्या 'स्ट्रीट फायटर ३'नं शोऱ्युकेनपुढे वेगळाच पेच टाकला. समोरचा घाव बसायच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे टेकवली, तर तो घाव नुकसान न होता परतवता येतो. याला 'पॅरी' म्हणतात. आता गोळ्याची दहशत ओसरली, उडी मारणारा हवेतूनही शोऱ्युकेन परतवू लागला, आणि १९९१चा तो जुना सापळा मोडीत निघाला. केनचे लागोपाठचे घाव इथे कामी आले, कारण प्रत्येक घाव वेगळा परतवावा लागतो. त्याच वर्षीच्या 'सेकंड इम्पॅक्ट'मध्ये 'ईएक्स' डाव आले: साठवलेली ऊर्जा थोडी खर्च करा आणि नेहमीच्याच डावाची तिखट आवृत्ती मिळवा. शोऱ्युकेनला पहिल्यांदा छापील दर लागला तो इथे. त्या वेळी तो दर फुटकळ वाटला. पुढच्या पंचवीस वर्षांचं धोरण मात्र त्यातूनच निघालं.

२००८ साली योशिनोरी ओनो यांच्या देखरेखीखाली 'स्ट्रीट फायटर ४' आला. कॅपकॉमच्या जोडीनं तो घडवला डिम्प्स या कंपनीनं, आणि डिम्प्सचे संस्थापक कोण, तर ताकाशी निशियामा. दोन दशकांनी पोरगं बापाच्या अंगणात परत आलं. पण ते चांगलंच लाडावलेलं होतं. वळसा आता पूर्ण काढायचीही गरज नव्हती. खाली बसल्या बसल्या तिरकं-खाली दोनदा टेकवलं आणि ठोशाचं बटण दाबलं की शोऱ्युकेन. शिवाय ऊर्जेच्या चार खणांपैकी दोन खर्चले की ठोसा अर्ध्यातच तोडून पळ काढता येई. जी उतरण ही सगळी शिक्षा होती, ती विकत घेऊन रद्द करता येऊ लागली. अडवला गेला तर खर्च करून सुटका, लागला तर त्याच खर्चात 'मेत्सु हाडोकेन'चा प्रचंड मार.

या काळाचा राजा दाइगो उमेहारा. त्यानं ऱ्यू घेऊन २००९ आणि २०१० ही दोन्ही वर्षं अमेरिकेतली 'इव्हो' स्पर्धा जिंकली. कुठल्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही अशा क्षणी शोऱ्युकेन मारायचा आणि तो नेमका समोरच्याच्या मनातल्या हालचालीवर बसवायचा, ही त्याची खासियत. जपानी खेळाडूंनी तिला 'उमेशोऱ्यू' असं नावच देऊन टाकलं. खेळातल्या डावाला खेळाडूचं नाव जोडलं जाणं ही फार मोठी दाद. पण 'चार'च्या अर्थव्यवस्थेबद्दल कुरकुरही खूप झाली. दोन खण शिल्लक आहेत एवढ्या भांडवलावर कुणीही आंधळी उसळी घ्यावी आणि सुटावं, हे अनेकांना रुचेना. त्यांचं म्हणणं रास्त होतं. अंदाज चुकण्याची भीतीच काढून घेतली तर बरोबर अंदाजाचं कौतुक कशाला? २०१४च्या 'अल्ट्रा'मध्ये नियम कडक झाला: ठोसा अडवला गेल्यावर पुढे झेपावून सुटायला गेलात, तर आता शिक्षा व्हायची.

'स्ट्रीट फायटर ५' निघाला २०१६च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या हंगामाचे बदल आले आणि कॅपकॉमनं मुळावरच घाव घातला. ऊर्जा न खर्चता पूर्ण अभेद्य असलेली उसळी बंद. उठता उठता सुटका हवी असेल तर खण मोजा. नसेल तर गुपचूप ब्लॉक करा आणि मार सोसा. १९९१ पासून ज्याच्या अंगाला काही लागत नव्हतं, त्याला आता लागू लागलं. ऱ्यू एकूणच दुबळा झाला. उमेहारानं पुढच्या वर्षी ऱ्यूला सोडून अमेरिकी सैनिक गाईलला जवळ केलं. ज्याच्या नावानं ठोसा ओळखला जायचा त्यानंच ठोसा टाकला. चाहत्यांना ते फार जिव्हारी लागलं. हा खेळ मात्र टिकला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'सहावा' भाग बाजारात असतानाही पदकासाठी खेळला गेला तो 'पाचवा'च. सुवर्ण जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता, म्हणजे नाणी टाकून खेळलेल्या पिढीतला. भारताचे दोन खेळाडूही त्या स्पर्धेत उतरले होते.

मालिकेबाहेरच्या खेळांत या किमतीशी कशी मस्ती केली गेली तेही पाहण्यासारखं आहे. कॅपकॉमच्याच १९९४च्या 'मेगा मॅन एक्स २'मध्ये निळ्या यंत्रमानवाला शोऱ्युकेन शिकवणारी एक गुप्त जागा आहे. ठोसा मारायचा तर लाइफची पट्टी पूर्ण भरलेली हवी, एक ओरखडाही चालत नाही. पण मग जवळपास कुठलाही शत्रू एका फटक्यात गारद. हा थेट १९८७चा उग्र न्याय, जुन्या पेटीतून बाहेर काढलेला. २०१५ साली ऱ्यू निन्टेंडोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये पाहुणा म्हणून गेला, तिथे तडजोड दिसते: एका बटणानं शोऱ्युकेन निघतो, पण पुढे-खाली-तिरकं असा मूळ वळसा काढला तर तोच ठोसा जास्त जोरात बसतो.

ही तडजोडच पुढे 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये पक्की बैठक मारून बसली. ताकायुकी नाकायामा यांच्या दिग्दर्शनाखालच्या या भागात खेळाडूला सुरुवातीलाच 'ड्राइव्ह' नावाच्या ऊर्जेचे सहा खण भरून मिळतात. साधा शोऱ्युकेन उडी मारून येणाऱ्याला हमखास पाडतो, पण जमिनीवरच्या हल्ल्यापुढे अभेद्य राहत नाही. पूर्ण अभेद्य हवा तर दोन खण मोजायचे. सहाही खण संपले की 'बर्नआउट', आणि तो उतरेपर्यंत अशी सुटका नाही. उधळ्या माणसाला महिनाअखेर कळते, तसं हे लढतीच्या शेवटी कळतं.

शिवाय आहे 'मॉडर्न' नियंत्रण. दांडी पुढे, एक बटण, आणि ऱ्यू वर. वळसा नाही, मनगट नाही, वर्षांचा सराव नाही. त्याबद्दल ठोशाचं नुकसान वीस टक्के कमी. यावरून जुन्या-नव्यांत जुंपली आहे. जुने म्हणतात, उडी दिसल्यावर झेड काढायला लागणारा तो क्षणाचा अंश हीच तर खरी परीक्षा होती. नवे म्हणतात, परीक्षा डोळ्यांची घ्या, सांध्यांची कशाला? दोघांच्याही बाजूनं बोलता येईल. पण चाळिशी ओलांडलेल्या, मनगटं कुरकुरणाऱ्या जुन्या खेळाडूंपैकी कित्येक आता गुपचूप दुसऱ्या पक्षात जाऊन बसलेत हेही खरं. आणि कॅपकॉमनं त्यांच्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. मॉडर्न निवडलं तरी हातानं वळसा काढायची मुभा असते, आणि तसा काढलेला ठोसा पूर्ण ताकदीनं बसतो. त्यामुळे एकाच फेरीत एकाच माणसाचे दोन शोऱ्युकेन दिसतात: अचानक उडी आली की दचकून बटणावर मारलेला, वीस टक्के सवलतीचा, आणि थोड्या वेळानं समोरचा डळमळीत झाल्यावर, कंबोच्या शेवटी, पुढे-खाली-तिरकं असा सावकाश, सगळे पैसे मोजून मारलेला.